बबाईचा खड्डा

१४ ऑक्टोबर

वारा पूर्वेचा, हलका. आभाळ कोरडं.

जहाज सोडून किती वर्षं झाली, तरी हात आधी वाराच लिहितो. परक्यांच्या मालवाहू जहाजांवर अर्धं आयुष्य गेलं. तिथं एक वेळ जेवण चुकलेलं चालायचं, नोंद चुकलेली चालायची नाही.

आज राजधानीची, तारावाची बोट आली आणि तिच्यातून माझी रोतिया आली, कडेवर आरितेला घेऊन. आरिते माझी नात. नऊ महिन्यांची आहे, पण उचलली तर हाताला वजनच लागत नाही. मानेवर, पाठीवर पुरळ. रोतिया सांगत होती, तारावात त्यांच्या एका घरात चौदा माणसं झोपतात. विहिरीच्या एका अंगाला डुकरांचं कुंपण आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांच्या कबरी. पोरीचे जुलाब थांबतच नाहीत. जावई न्यूझीलंडला फळं तोडायला गेलाय, तो काही लवकर येत नाही.

"मग राहा की इथंच," मी म्हणालो. "निम्मी घरं रिकामी पडलीत गावात. मास्तर जास्त आणि पोरं कमी, अशी वेळ आलीय शाळेची."

"पाणी कसंय, बाबा?"

मी विहिरीतून बादली काढली आणि तिच्यापुढे धरली. तिनं ओंजळीनं प्यायलं, मग पोरीच्या ओठांना बोट लावलं.

"गोड आहे. हे असं आहे तोवर राहते. ज्या दिवशी खारट होईल, त्यानंतरची पहिली बोट धरीन. तेव्हा मला अडवायचं नाही. पोरीच्या पोटाचे हाल मी आता बघणार नाही."

"अडवतो कशाला," मी म्हणालो. आमची विहीर खारट झाल्याचं माझ्या आजोबांनीही कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्यापासून पाऊस नाही हे खरं, पण असे दुष्काळ या बेटानं किती पचवलेत.

रात्री पोरगी माझ्या पोटावर झोपली. फार बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

वारा तोच.

खड्ड्यावर जाऊन आलो. आमचा बबाईचा खड्डा पणजोबांनी मोठ्या शिंपल्यांनी उकरून काढला, असं सांगतात. माणूस आत उतरला की डोकंही दिसत नाही. तळाशी जमिनीतलं गोडं पाणी लागतं आणि त्या चिखलात बबाई वाढते. अळूचीच थोरली बहीण ती. पान एवढं, की दोन माणसं पावसात त्याखाली उभी राहतील. पाऊस असला तर.

मधली मोठी बबाई मी रोतिया शिकायला तारावाला गेली त्या वर्षी लावली. ती आरितेच्या पहिल्या वाढदिवसाला काढायची, बारा जानेवारीला. मानेआबाच्या, गावच्या सभाघराच्या, छपराखाली सगळं गाव मांडी घालून बसलेलं असेल आणि आमचा कंद काठीला बांधून चार जण आणतील. मग कोण म्हणतो या जमिनीत आता माणूस जगत नाही, ते बघू.

तिच्या मुळाशी कुठली पानं कुजवतो, कधी घालतो, हे मी कुणाला सांगत नाही. वडिलांनी मला सांगितलं तेही कानात. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावू नये आणि दुसऱ्याच्या खड्ड्याविषयी तोंड उघडू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इओतेबाला कळतं की नाही, याची मला शंका आहे. त्याचे माड नेमके माझ्या खड्ड्याच्या काठाला. सकाळ-संध्याकाळ नीरा काढायला वर चढतो आणि गात बसतो. माडावर चढलेल्यानं गायचंच असतं, खाली बायकामाणसं असतात, त्यांना कळायला नको? पण गाताना याची नजर कुठं असते?

हा इओतेबा चालवतो ती सायकल माझी. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा दारात येऊन म्हणाला, "नाबुआका, बुबुती करतो. सायकल दे." बुबुती केली की विषयच संपला. मागणाऱ्याला नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. अशी माझी सायकल गेली, रेडिओ गेला, बूट गेले. एकदा तर अंगातला शर्ट काढून दिला आणि उघडाबंब घरी आलो. पण मी स्वतः आजवर कुणाकडे बुबुती केलेली नाही. लोक आमच्या घराकडे मागतात, आमचं घर मागत नाही. वडील एवढं एकच सांगून गेले.

२ नोव्हेंबर

पाणीखात्याची पोरगी आली होती, नेई मारेवेया. सगळ्यांना मानेआबात बसवलं, एका वाडग्यात खोबऱ्याचं दूध घेतलं आणि वर तेल सोडलं.

"हे दूध म्हणजे खालचा समुद्र," ती म्हणाली. "आपलं बेट त्यावर बसलंय. पावसाचं गोडं पाणी या तेलासारखं वर तरंगतं. पाऊस नसला की हा थर पातळ होत जातो. अशा वेळी त्याला डिवचलंत की खालचं खारं वर आलंच म्हणून समजा."

"डिवचायचं म्हणजे काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"फार उपसायचं. किंवा खोल खणायचं."

उपसायचं म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना इओतेबाकडे वळल्या. त्याच्या मुलानं त्याला उन्हावर चालणारा छोटा पंप पाठवलाय. त्यानं डोकं खाजवलं. "पंप जूनपासून गुंडाळून ठेवलाय. खोटं वाटत असेल तर या बघायला."

मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. जाताना ती पोरगी माझ्यासमोर येऊन थांबली, खणू नका कुठं, बाबा, असं पुन्हा म्हणाली. वयाचा मान ठेवते, चांगली आहे. पण विहिरी खणतंय कोण इथं? समुद्र मी पाहिलाय, तिनं वाडग्यात पाहिलाय.

९ नोव्हेंबर

वारा नाही. ऊन फार.

मोठ्या बबाईच्या पानांनी माना टाकल्या. तळाचा चिखल आटून त्याला भेगा गेल्यात. आज दुपारी सगळं गाव आडवं झालं तेव्हा फावडं घेऊन आत उतरलो आणि तिच्या कडेनं खणलं. काळा चिखल संपून पांढरी वाळू लागली, आणि वाळूतून गार पाणी आलं, घोट्यापर्यंत. मुळं बुडाली. मी तिथंच बसून राहिलो, तहानलेल्या माणसाला पिताना बघत बसावं तसा.

घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, कातारिनाला, सांगितलं तर ती तिच्या बहिणीला सांगेल, आणि मग पोरंटोरं खड्ड्याच्या काठाला जमतील.

१० नोव्हेंबर

खणलं. पाठ मोडली.

१८ नोव्हेंबर

आज रोतियानं बादली काढली, प्यायली आणि खाली ठेवली. मी जाऊन चाखलं. खारट आहे. फार नाही, पण आहे.

"बाबा," ती म्हणाली.

"भरतीचे दिवस आहेत. ओहोटीला उतरेल."

"विहिरीला भरती येते हे मला कधी सांगितलं नव्हतंत."

इओतेबाच्या पंपाचं काम आहे हे. दिवसा गुंडाळून ठेवत असेल आणि आम्ही निजल्यावर सोडत असेल. त्याची विहीर आमच्यापासून हाकेवर. तो तिकडून ओढतोय आणि इकडे आमच्या पोरीच्या तोंडचं पाणी पळतंय. कातारिनाला तसं बोललो तर ती उलट माझ्यावरच घसरली.

"त्याची विहीर गोड आहे. जा, आणि दोन बादल्या माग. शेजारी आहे, नाही म्हणणार नाही."

"मी मागू? इओतेबाकडे?"

"माझ्या मावसभावाकडे. तुझं तोंड झिजत असेल तर मी मागते."

"या घरातलं कुणी मागणार नाही," मी म्हणालो. "मी अजून मेलो नाही."

"मेला असतास तर बरं होतं, निदान गावानं पाणी तरी आणून दिलं असतं," असं म्हणून ती भांडी घासायला गेली. जीभ आहे की शार्कचा दात.

रोतियानं बोटीची चौकशी केली. या महिन्यात बोट नाही. मोटर बिघडलीय म्हणे. बरंच झालं.

२२ नोव्हेंबर

लिहायलाच हवं. पाणी पुन्हा गोड झालं! सकाळी झाकलेल्या कॅनमधलं प्यायलो, एकदम पूर्वीसारखं. रोतियालाही चाखवलं. ती हसली, आल्यापासून पहिल्यांदा.

मला वाटतं माझ्या खणण्याचाच हा गुण. खड्ड्याला मोकळं पाणी लागलं, तसं विहिरीलाही लागलं असणार. दोन्ही एकाच जमिनीत तर आहेत. आता थांबून चालणार नाही.

कातारिनाला खांदा दुखतोय. खोबरेल चोळून दिलं. अलीकडे ती माझ्याआधी उठून प्रार्थनेला जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकी भक्ती मी तिच्यात कधी पाहिली नव्हती. म्हातारपण, दुसरं काय.

३० नोव्हेंबर

वारा आग्नेयेचा. फणसासारखी फळं देणारं आमचं झाड पिवळं पडलंय, पानं खाली. नारळ मुठीएवढे.

रोज दुपारी खणतो. पाणी आता गुडघ्याला लागतं. बबाई ताठ उभी आहे, मात्र पानांच्या कडा करपल्यात. उन्हानं असेल.

इओतेबानं आज नवंच गाणं काढलं.

"वर चढशील तर वारा, रे भावा,
खाली उतरशील तर खारा.
आजोबांनी सोडलं तेवढं पुरे,
हात आवर आता जरा."

मी खड्ड्यात होतो, हातात फावडं. अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हा वरून बघतो! वर टोमणे मारतो, की तू म्हातारा झालास, तुला माड चढवत नाही, खाली चिखलात बस. बाहेर येऊन मीही मोठ्यानं गायलो, की दुसऱ्याच्या सायकलवर बसणाऱ्यानं वाऱ्याच्या गोष्टी करू नयेत. त्यानं गाणं थांबवलं. मग म्हणाला, "नाबुआका, मी गातोय, बोलत नाही. ऐक तरी."

ऐकतो कशाला.

१३ डिसेंबर

उत्तरेच्या गावात कातारिनाची आत्या वारली. कातारिना आज मयताला गेली, चार रात्री तिथं राहील. जाताना शंभर सूचना. "पोरीच्या दुधाला झाकलेल्या कॅनमधलंच पाणी घ्यायचं. विहिरीचं नाही. ऐकतोयस का? मी दोन्ही कॅन भरून ठेवलेत."

"कॅनमध्येही विहिरीचंच असतं ना?"

"ते निवलेलं असतं," ती म्हणाली आणि घाईनं निघाली. बायकांचं एकेक शास्त्र.

१५ डिसेंबर

कॅन काल संपले. रोतियानं त्यातून पोरीचे कपडे धुतले, तिला तरी काय माहीत. आज ओहोटीला ती बायकांबरोबर शिंपल्या वेचायला गेली आणि पोरगी माझ्याकडे ठेवली. डब्यातली दुधाची भुकटी मी विहिरीच्या पाण्यात कालवली. उकळून घेतलं होतं. पोरगी प्यायली, रडली, पुन्हा मागितलं. मी पुन्हा दिलं. एवढी तहान तिला कधी नसते. उकाडा आहे.

मी स्वतः गेले कितीतरी दिवस नीरा आणि शहाळ्यावरच आहे. म्हणून पाणी आज कसं होतं, ते सांगता येत नाही.

संध्याकाळ. पोरीला जुलाब सुरू झालेत. रोतिया माझ्याकडे बघत नाही.

१६ डिसेंबर

आजचं लिहितोच. नोंद चुकवायची नाही.

सकाळी पोरीचे डोळे अर्धे मिटलेले. रडली तर डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. दवाखान्यात नेली. नर्सबाईंनी टाळूवर हात ठेवला, तिथं खड्डा पडला होता. मग त्यांनी आम्ही बरोबर नेलेली दुधाची बाटली घेतली, जिभेला लावली आणि थुंकल्या.

"हे कुणी कालवलं?"

"मी," मी म्हणालो.

रोतियानं हळूच विचारलं, "कुठल्या पाण्यात, बाबा?"

"आपल्याच विहिरीच्या."

"बाटलीतून समुद्र पाजलात पोरीला," नर्सबाई म्हणाल्या. "औषधाच्या पुड्या आहेत माझ्याकडे. पण कालवायला गोडं पाणी नाही. इथली टाकी गेल्या आठवड्यात आटली. आता बसू नका, कुठूनही आणा. तिच्याकडे वेळ नाही."

कुठून आणायचं ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी पळालो. या वयात पळालो. इओतेबा माडावर होता, गात होता. मी बुंध्याशी उभा राहिलो, पण तोंडातून शब्द फुटेना. वडिलांचं तोंड दिसलं. मग पोरीचं दिसलं.

"इओतेबा! मी बुबुती करतो!"

गाणं थांबलं. तो घसरतच खाली आला, छाती सोलवटून घेतली. मी काय मागतोय हे सांगायच्या आत त्यानं कॅन उचलून विहिरीत बादली सोडलीसुद्धा.

"कशाची ते तर सांगू दे," मी म्हणालो.

"सांग, पण मागून पळत पळत सांग. पोरगी थांबायची नाही."

"तुला कसं कळलं?"

"कातारिना इथं नाही, तीन दिवस कॅन न्यायला कुणी आलं नाही, आणि तू धापा टाकत माझ्या दारात. अजून काय कळायचं राहिलं?"

त्यानं कॅन सायकलला अडकवला आणि टांग मारली. माझ्या सायकलला. मी तिच्यामागे धावत होतो, तिचं मागचं चाक अजून तसंच वाकडं चालतं, आणि मी रडत होतो. लिहायला लाज वाटत नाही.

चमच्याचमच्यानं पाजलं. दुपारी पोरीनं डोळे उघडले. ऊन उतरलं तेव्हा ती रडली आणि गालावर पाणी आलं. नर्सबाई म्हणाल्या, "रडू द्या तिला. पोटभर रडू द्या."

१७ डिसेंबर

निरोप मिळताच कातारिना परत आली. मला वाटलं आता सोलून काढेल. ती शेजारी बसली फक्त. तिच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडलाय, कॅनचा. ती पहाटे इओतेबाच्या विहिरीवर जात होती, मी त्या खांद्याला तेल चोळत होतो आणि मला ती प्रार्थना वाटत होती.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कॅन ओतून दिला असतास."

दिला असता.

२० डिसेंबर

आज इओतेबा दारात आला, अंघोळ करून, चांगली लुंगी नेसून. चटईवर बसला. बराच वेळ माशांविषयी बोलला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाबुआका, बुबुती करतो."

सायकल गेली, रेडिओ गेला. आता घरात आहे काय? "माग," मी म्हणालो.

"तुझा खड्डा दे. मला नको तो. बुजवायला दे."

चुलीपाशी कातारिनाच्या हातातलं झाकण पडलं.

"माझ्याही विहिरीला आता चव यायला लागलीय," तो म्हणाला. "अजून पिता येतं. पण महिनाभर तू असाच खणत राहिलास तर गावात एकही गोडी विहीर उरणार नाही. जुन्यांनी त्या वाळूपाशी हात थांबवला होता. त्याच्या खाली गोडं उरतच नाही."

"तुला सगळं दिसत होतं. मग बोलला का नाहीस?"

"दुसऱ्याच्या खड्ड्याविषयी बोलतात का?" त्याला खरंच धक्का बसलेला दिसला. "गात होतो की रोज! अजून किती मोठ्यानं गायचं? आवाज बसला माझा. तू सायकलवरून शिव्या दिल्यास."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. तो मला वाचवत होता आणि मी त्याच्या पंपाला शाप देत होतो. पोरीच्या तोंडात खारं पाणी मी घातलं, बाटलीतून नंतर, फावड्यानं आधी.

"दिला," मी म्हणालो. दुसरं काही म्हणता येतच नाही. आणि म्हणायचंही नव्हतं.

२६ डिसेंबर

नाताळच्या आदल्या दिवशी मोठी बबाई काढली. इओतेबा फावडं घेऊन काठावर आला आणि थांबला. "आत येऊ का?" असं विचारलं. आमच्या खड्ड्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. ये म्हणालो.

दोघांनी मिळून कंद ओढला. वरचा भाग मांडीएवढा जाड, टणक. खालचा सगळा मऊ, काळा, वास मारणारा. खाऱ्या पाण्यानं खालून कुजला होता आणि मी वरून पानं मोजत होतो. इओतेबानं तोंड फिरवलं, मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. चांगला भाग कापून नाताळच्या जेवणाला मानेआबात दिला. लोकांनी खाल्ला, छान आहे म्हणाले. एवढाच का, असं कुणीही विचारलं नाही.

आता वाळू टाकतोय. मी काढली तिथंच परत. वाळूपर्यंतच बुजवायचा, इओतेबा म्हणतो, वरचा चिखल राहू दे, पाऊस आला की कुणीतरी लावेल.

५ जानेवारी

बोट आठ तारखेला येतेय. रोतियानं सामान बांधायला घेतलं. तारावात नको, नणंदेकडे जाईन म्हणते, तिच्या गावात पावसाच्या पाण्याची टाकी आहे. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आता मला बोलायला तोंडही नाही.

कातारिना मात्र ऐकेना. आज विहिरीपाशी गाठलं.

"तिच्याकडे बुबुती कर."

"काय?"

"राहा म्हण. बुबुती केलीस तर तिला नाही म्हणता येणार नाही. आयुष्यभर मागितलं नाहीस, आता शिकलायस ना? मग माग. इओतेबाची विहीर आहे, कॅन मी वाहीन. माझा खांदा शाबूत आहे."

तिचे डोळे भरून आले होते. ती नातीला सोडून कशी राहील, ते तिलाही कळत नाही आणि मलाही. दिवसभर तो एक शब्द माझ्या जिभेवर होता. एक शब्द, आणि पोरगी माझ्या पोटावर झोपायला राहील.

८ जानेवारी

वारा पूर्वेचा. समुद्र शांत, होडीला सोपा.

सगळं गाव किनाऱ्यावर आलं होतं. सामान होडीत चढलं. रोतिया पोरीला घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. पोरीचं पुरळ गेलंय. कातारिनानं मला मागून ढकललं, चांगलं जोरात.

मी पाण्यात उतरलो. रोतियानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, मागू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही मागितलंत तर मला राहावं लागेल. या लोकांसमोर मागू नका."

पोरगी माझ्या दाढीला हात घालत होती. मला हवी होती ती.

"रोतिया, मी बुबुती करतो," मी म्हणालो.

सगळ्या गावाला माहीत आहे, नाबुआका मागत नाही. रोतियानं डोळे मिटले आणि पोरीला घट्ट धरलं.

"तो दुधाचा डबा दे. रिकामा झालेला."

तिनं डोळे उघडले. आधी हसली, मग तोंड वाकडं झालं. पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला आणि कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं.

"आणि काही?" तिनं विचारलं.

"नाही. तेवढाच. जा, ओहोटी लागेल."

होडी प्रवाळाच्या कडेपलीकडे जाईपर्यंत उभा राहिलो. कातारिना माझ्याकडे पाठ करून उभी होती. मग माझ्या हातातला डबा घेतला, कपड्याच्या टोकानं पुसला आणि परत दिला.

१२ जानेवारी

वारा नाही. आभाळ कोरडं.

आज आरितेचा पहिला वाढदिवस. तिकडे केला असेल काहीतरी.

सकाळी डबा दोरीला बांधून विहिरीत सोडला आणि चाखलं. आता रोज चाखतो. इओतेबा माडावर गात होता, मला पाहून थांबला आणि वरूनच ओरडला, "कसंय रे?" माझ्या घरच्या पाण्याविषयी असं उघड विचारायची मुभा मीच त्याला दिलीय.

"खारट," मी ओरडलो.

"मग ये इकडे."

कातारिनाचा कॅन खांद्यावर टाकला, डबा हातात घेतला आणि गेलो.